पुरवठा साखळीचे निर्देशांक चांगले दिसतात, तरी ग्राहकाची तक्रार का थांबत नाही?

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात पुरवठ्याची कामगिरी मोजणारे पंचवीसेक निर्देशांक दरमहा काढले जातात, त्यांतील बहुतेक समाधानकारक असतात, आणि तरीही माल वेळेवर मिळत नाही अशी ग्राहक कंपनीची तक्रार कायम आहे. हे कसे, असे आपण विचारले आहे. चाकण-भोसरी पट्ट्यातील अशा कारखान्यांचे नियोजन मी बरीच वर्षे जवळून पाहत आलो आहे. माझ्या मते आधी तपासायचे ते हे, की प्रत्येक आकडा साखळीच्या कोणत्या टोकाला उभे राहून मोजला जातो.

वेळेवर पुरवठ्याचाच आकडा घ्या. माल रवाना करणारा आपला डिस्पॅच विभाग गाडी गेटबाहेर पडल्याची वेळ धरतो, तर ग्राहक त्याच्या स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाल्याची. तारीखही कोणती धरायची हा प्रश्न उरतोच: मूळ शेड्यूलमधील, की उशीर दिसू लागल्यावर फोन करून पुढे ढकलून घेतलेली? दुसरी धरली, तर उशीर नोंदीतून नाहीसा होतो, पण ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर तो जाणवायचा तो जाणवतोच. त्यात मोजण्याचे एकक वेगळे असले की तफावत आणखी वाढते. एका ऑर्डरमध्ये दहा वेगवेगळे भाग आहेत आणि प्रत्येक भाग वेळेवर व पूर्ण जाण्याचे प्रमाण ९८ टक्के आहे असे समजा. हे दहा भाग एकमेकांवर अवलंबून नसतील, तर संपूर्ण ऑर्डर बिनचूक पोहोचण्याचे प्रमाण सुमारे ८२ टक्केच येते. आपल्या बैठकीत ९८ दिसतात आणि ग्राहकाच्या बैठकीत ८२, आणि दोघेही खरेच बोलत असतात. १९९६ साली आलेल्या ‘स्कॉर’ या पुरवठा साखळीच्या आराखड्यात परिपूर्ण ऑर्डरचे प्रमाण हा वरच्या पातळीचा निर्देशांक मानला आहे, तो मला याच कारणासाठी योग्य वाटतो. त्यात वेळ, संख्या, मालाची स्थिती आणि कागदपत्रे या सर्वच गोष्टी एकत्र साधाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अशी की, एकट्या आकड्यावर कोणाचे मूल्यमापन ठरले की तो आकडा सुधारतो आणि त्याची किंमत साखळीत दुसरीकडे कोणीतरी मोजतो. वेळेवर पुरवठा टिकवण्यासाठी अर्ध्या भरलेल्या स्पेशल गाड्या पाठवल्या जातात. म्हणूनच आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात अशा जादा खर्चाच्या वाहतुकीच्या प्रसंगांवरही लक्ष ठेवण्यास सांगितले आहे. वेळेवर पुरवठ्याच्या शेजारीच अशा प्रसंगांचा आकडा आणि साठ्याचे दिवस (माल सरासरी किती दिवस साठ्यात पडून राहतो) मांडावेत, म्हणजे वक्तशीरपणा नियोजनातून आला की पैसे ओतून, हे लगेच कळते.

रोख चक्राबाबत, म्हणजे मालात गुंतलेले पैसे किती दिवसांनी परत हाती येतात या आकड्याबाबत, तर विशेष सावध राहावे. साठ्याचे दिवस अधिक ग्राहकाकडून पैसे येण्याचे दिवस, वजा पुरवठादाराला पैसे देण्याचे दिवस, असे हे गणित असल्यामुळे ते सुधारण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे लहान पुरवठादाराचे पैसे अडकवणे, आणि वित्त विभागाला तो फार लवकर सुचतो. पण २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा उशिरा पैसे देता येत नाहीत, आणि २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ४३बी कलमात केलेल्या तरतुदीमुळे मुदत चुकवलेल्या देण्याची करपात्र उत्पन्नातून वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. शिवाय ज्याच्याकडे कच्चा माल घ्यायलाच पैसे उरलेले नाहीत, त्याने वेळेवर माल द्यावा अशी अपेक्षा कशी करणार?

पुरवठादारांचे मोजमाप करताना सरासरीवर विसंबू नये. सरासरी १० दिवसांत माल देणारा एक पुरवठादार ९ ते ११ दिवसांत देत असेल आणि दुसरा ४ ते २०, तर दुसऱ्यासाठी सुरक्षित साठा, म्हणजे उशीर झाल्यास हाताशी असावा असा जादा माल, कितीतरी जास्त ठेवावा लागतो. म्हणून सरासरीबरोबर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दिवसांतील हा फरकही नोंदवावा. 

आपल्या जागी मी असतो, तर पंचवीसपैकी पाच-सहाच आकडे साप्ताहिक बैठकीत ठेवले असते, त्यांच्या व्याख्या ग्राहकाच्या खरेदी विभागाबरोबर बसून लेखी ठरवल्या असत्या आणि प्रत्येक चुकलेल्या ऑर्डरपुढे एकच कारण लिहायला लावले असते: कच्चा माल, यंत्र, मनुष्यबळ, वाहतूक, की ग्राहकाने ऐनवेळी बदललेले शेड्यूल. हे शेवटचे कारण फारसे कोणी नोंदवत नाही. पुरवठ्याआधीच्या अखेरच्या आठवड्यात शेड्यूल किती वेळा आणि किती नगांनी बदलले याची तीन महिन्यांची तारीखवार नोंद पुढच्या आढावा बैठकीत ग्राहकापुढे ठेवा.