वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर ४-२० मिलीअँपिअर इनपुटला कसा जोडावा?

तुमच्या पीएलसीत (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) एकच ४-२० मिलीअँपिअरचं इनपुट (४ म्हणजे शून्य, २० म्हणजे कमाल) रिकामं आहे आणि वायएफ-एस२०१ फक्त पल्स देतो, तर मध्ये एलएम२९१७ (फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज करणारी चिप) लावून भागेल का, हा तुमचा प्रश्न. भागेल, पण कमी प्रवाहाला छळेल. आधी एवढं बघा, की पीएलसीत हायस्पीड काउंटरचं, म्हणजे वेगवान पल्स मोजणारं, इनपुट आहे का. असेल तर अ‍ॅनालॉगच्या वाटेला जाऊच नका, सिग्नलचा व्होल्टेज जुळवून पल्स थेट तिथे द्या.

नसेल, तर मी छोटा मायक्रोकंट्रोलर लावीन. या सेन्सरची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला पल्स) साधारण मिनिटाला लिटरमधल्या प्रवाहाच्या साडेसातपट असते. मिनिटाला ३० लिटरला २२५ हर्ट्झ, पण २ लिटरला जेमतेम १५. इतक्या मंद पल्सवर एलएम२९१७चं आउटपुट थरथरतं. ते स्थिर करायला कपॅसिटर वाढवला, की व्हॉल्व्ह बंद केल्यावरही आकडा रेंगाळत उतरतो.

कोडमध्येही सेकंदभराच्या पल्स मोजू नका. १५ मध्ये एक इकडची तिकडे झाली, की जवळजवळ ७ टक्के फरक पडला. इंटरप्टवर (पल्स येताच आपोआप चालणारा कोड) दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदांत मोजा आणि शेवटच्या काहींची सरासरी घ्या. पाणी थांबलं की पुढची पल्स येतच नाही आणि जुना प्रवाह तसाच अडकून राहतो, म्हणून सेकंदभर पल्स आली नाही तर शून्य धरा. ही ओळ कोडमध्ये हवीच.

आउटपुटला एमसीपी४७२५ डॅक (डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) आणि पुढे ०-५ व्होल्टचं ४-२० करणारं तयार मॉड्यूल. या डॅकचा रेफरन्स (ज्याच्या प्रमाणात आउटपुट ठरतं तो व्होल्टेज) म्हणजे त्याचा सप्लायच, तेव्हा ५ व्होल्ट स्थिर ठेवा. ३० लिटरला २० मिलीअँपिअर धरलं तर १२ लिटरला १०.४ दिसायला हवेत.

४ मिलीअँपिअरपासून सुरुवात असल्यामुळे पीएलसीकडची वायर तुटली की करंट शून्यावर येतो आणि लगेच कळतं. पण सेन्सर आणि कंट्रोलरमधली वायर तुटली तर ४ मिलीअँपिअरच जातील, म्हणजे ‘पाणी बंद’. पंप चालू असताना प्रवाह शून्य दिसला तर अलार्म द्यायची अट पीएलसीत जरूर टाका.

साडेसातचा आकडा मात्र डोळे झाकून घेऊ नका. तुमच्याच पाइपवर, नेहमीच्या प्रवाहाला पाणी बादलीत घेऊन वजन करा, एक किलो म्हणजे एक लिटर. लिटरमागे ४५० पल्सऐवजी जो आकडा येईल तोच कोडमध्ये घाला.