व्हिसा येण्याआधीच नोकरी सोडू का?

जोडीदार परदेशात, आपण मागे आणि व्हिसाचा अर्ज अडकलेला. अशा वेळी बहुतेक जण विचारतात, "आत्ताच राजीनामा देऊन टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत राजीनामा नको, तिकीट नको आणि निरोपाचं जेवण तर मुळीच नको. पण राजीनाम्याचा प्रश्न हा बरेचदा वरवरचा असतो. मीनलचंही तसंच झालं. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

ठरवून झालेलं लग्न. नवरा जर्मनीत एका रुग्णालयात नर्स. लग्नापुरती रजा घेऊन आला आणि परत गेला. त्याच्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना) असतं, तर मीनलला जर्मन भाषेच्या अटीतून सूट मिळाली असती. पण त्याचा परवाना कुशल कामगाराचा, त्यामुळे तिला ए-वन, म्हणजे जर्मन भाषेची अगदी पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागली. १०० पैकी ६० गुण लागतात. पहिल्या खेपेला ती थोडक्यात हुकली. दुसऱ्यांदा पास झाली, अर्जही गेला, पण "तुझ्यामुळे लांबलं" हे वाक्य मात्र दर भांडणात येत राहिलं.

समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या मांडीवर एक वही होती. पानापानावर प्रश्नोत्तरं. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलाचं नाव काय, लग्नात अंगठी कुणी आणली, त्याची रात्रपाळी किती वाजता सुटते. लग्न खोटं असल्याचा संशय आला, तर नवरा-बायकोला एकाच वेळी, तो तिकडे आणि ही दूतावासात, असे प्रश्न विचारतात, हे तिने ऐकलं होतं. तशी चौकशी खरंच होते, पण ती संशय आल्यावर. यांनी मात्र धसका घेऊन रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तोंडी परीक्षाच सुरू केली होती. एकदा तिला त्याच्या वॉर्डाचं नाव आठवलं नाही. तो चिडला, तिने फोन आपटला.

"मॅडम, साहेबांनी विचारलं, तुम्ही नवऱ्याला कितपत ओळखता, तर काय सांगू? मलाच कळत नाहीये."

राजीनाम्याच्या घाईमागे हे होतं. दूतावासाने अजून न विचारलेला प्रश्न ती स्वतःलाच विचारत होती आणि नोकरी सोडली की लग्न आपोआप खरं होईल, अशी काहीशी तिची समजूत झाली होती. वहीत त्याच्या रुग्णालयाचा पत्ता पिनकोडसकट होता. ते काम त्याला आवडतं का, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या भेटीत त्यालाही कॉलवर घेतलं. तो सामायिक फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभा होता. सोबती झोपलेला म्हणून दबक्या आवाजात बोलत होता. बराच वेळ फाईलवरच बोलला. दूतावासाने ती त्याच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे पाठवली होती. पगार, विमा वगैरे पाहून ते संमती देतात आणि मगच व्हिसा निघतो. मी विचारलं, "मग आता जो उशीर होतोय, त्यात मीनलच्या परीक्षेचा हात किती?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "खरं सांगू? उशीर झाला की मला जरा बरंच वाटतं. माझ्याकडे ही एकच खोली आहे. ही आली की कुठे ठेवू?"

मार्च २०२४ पासून कुशल कामगाराला कुटुंब आणण्यासाठी घर पुरेसं मोठं असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. कायद्याने त्याला सोडलं होतं, पण त्याची स्वतःची लाज सोडत नव्हती. घर बघायला जायचा, नकार घेऊन यायचा आणि राग परीक्षेवर काढायचा.

"मग इतके महिने मला कशाला बोलत होतास?" मीनल म्हणाली. मी मध्ये पडले नाही. ते भांडण व्हायलाच हवं होतं.

त्यानंतर दोन गोष्टी ठरल्या. कागदांचं बोलणं फक्त रविवारी, बाकी दिवस फाईलचं नावही काढायचं नाही. "मग बोलायचं काय?" असं दोघांनीही विचारलं, आणि सुरुवातीला फोन खरोखरच पाच मिनिटांत संपायचे. हळूहळू तो वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंटांबद्दल सांगू लागला. दुसरं, वही बंद. नव्या लग्नात काही गोष्टी माहीत नसणं स्वाभाविक आहे. मुलाखतीत "हे मला माहीत नाही" असं सरळ सांगावं. पाठ केलेली उत्तरं उलट जास्त खटकतात.

नोकरी तिने चालू ठेवली. जर्मनीत जोडीदाराच्या परवान्यावर नोकरी करायला वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे इथला अनुभव तिकडे सांगता येईल. नातेवाइकांच्या "कधी निघणार?"ला एकच उत्तर ठरवलं, "फाईल तिकडच्या ऑफिसात आहे, कळलं की सांगते."

नकार आला तर, याचाही विचार करून ठेवला. जुलै २०२५ पासून दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद झाली आहे. आता महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं, नाहीतर त्रुटी दूर करून नव्याने अर्ज करायचा. नवा अर्ज कितीही वेळा करता येतो, हे कळल्यावर मीनल जरा सैल बसली.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकीला सांगते, मग नवरा कितीही भला असो. पहिली तीन वर्षं तिकडचं तुमचं राहणं सहसा एकत्र संसारावर अवलंबून असतं. त्याआधी वेगळं व्हावं लागलं, तर स्वतंत्र परवाना खास अडचणीतच मिळतो. घरात मारहाण झाली असेल तर ती अशा अडचणीत धरतात. मीनलने हे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी नवऱ्यालाही सांगितलं. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

व्हिसा अजून आलेला नाही. शेवटच्या भेटीत दोघं वाद घालत होते तो वेगळ्याच गोष्टीवरून. तिकडे गेल्यावर तिच्या आईला दरमहा पैसे कुणाच्या खात्यातून पाठवायचे?