'संकरज ओज', 'लघु आरएनए' आणि एक 'मुळे'

प्रश्न असे आहेत: 'हायब्रिड व्हिगर'ला, म्हणजे संकरित पिकात जनकांपेक्षा जास्त दिसणाऱ्या जोमाला, 'संकरज ओज' म्हणावं की 'संकराचा जोम'? 'स्मॉल आरएनए', म्हणजे जनुकांच्या कामाचं नियमन करणारे पेशीतले छोटे रेणू, यांना लघु म्हणावं की सूक्ष्म? आणि 'लघु आरएनएमुळे संकरित पिकांना जोम येतो' हे वाक्य बरोबर आहे का?

पारिभाषिक लेखनात मी 'संकरज ओज' लिहीन. त्यातला 'ज' मोलाचा आहे. हे ओज संकरातून जन्मतं, दोन्ही जनकांत ते तेवढं नसतं, हे त्या एका अक्षरात येतं. 'जोम' अधिक जिवंत शब्द आहे यात शंका नाही, पण खतपाणी चांगलं मिळालं तरी पीक जोमात असतंच. बोलीच्या वळणाच्या लेखात 'संकराचा जोम' खुशाल वापरावा.

याच अर्थाचा 'हेटरोसिस' हा शब्द अमेरिकी वनस्पती-आनुवंशिकीतज्ज्ञ जॉर्ज शल यांनी १९१४ मध्ये सुचवला. त्यांना आटोपशीर शब्द हवा होताच, शिवाय वाढीला चालना देणारे सगळे भेद मेंडेलच्या नियमांनीच वारशाने येतात असं त्यातून सूचित व्हायला नको होतं. इतर कारणांसाठी ठेवलेली ही मोकळी जागा पुढे फार कामी आली.

'संकर' शब्दाबद्दल थोडं. अलंकारशास्त्रात तीळ-तांदळासारखे वेगळे ओळखू येणारे अलंकार एकत्र आले तर ती संसृष्टी, आणि दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर तो संकर. या कसोटीवर वनस्पतींचा संकर खरं तर संसृष्टीच ठरतो! आईकडची आणि बापाकडची जनुकं एका पेशीत राहतात, पण एकमेकांत विरघळत नाहीत. पुढच्या पिढीत ती पुन्हा वेगळी होतात, म्हणून तर संकरित वाणाचं बी राखून पेरलं की ओज उतरतं. लघु आरएनए मात्र ही वेस ओलांडतात. एका जनकाकडून आलेल्या डीएनएच्या प्रतीवरून तयार झालेले रेणू दुसऱ्या जनकाच्या प्रतीवर मेथिल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, चढवायला लावू शकतात. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्या जागेचं वाचन बदलू शकतं.

आता लघु की सूक्ष्म. 'लघु' हे सगळ्या कुळाचं नाव ठेवावं आणि 'सूक्ष्म' फक्त 'मायक्रो'साठी राखावा. वनस्पतींत सूक्ष्म आरएनए बहुधा २१ न्यूक्लिओटाइडांचे (आरएनएच्या साखळीतल्या २१ दुव्यांचे) असतात. ते जुळणारा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप नेणारा रेणू, कापतात किंवा त्याचं भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणं, रोखतात. मेथिल गट चढवण्याच्या कामातले मुख्य रेणू वेगळे, साधारण २४ न्यूक्लिओटाइडांचे. दोघांना एकच नाव दिलं तर पुढचे प्रयोग समजणारच नाहीत.

अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतीच्या संकरांत, जिथे दोन जनकांमधलं २४ लांबीच्या रेणूंचं प्रमाण भिन्न होतं, तिथे ते रेणू घटलेले आढळले. लघु आरएनएंना टिकाऊपणा देणारं 'हेन१' हे जनुक बिघडवल्यावर तिथलं ओजही कमी झालं. इथवर पाहिलं तर 'मुळे' शोभतो. पण 'हेन१' दोन्ही प्रकारच्या रेणूंना सांभाळतं. मक्यात केवळ २४ लांबीच्या रेणूंच्या निर्मितीला लागणारं जनुक निकामी केलं, तरी संकराचं ओज टिकून राहिलं. शिवाय अपायकारक प्रच्छन्न जनुकं दुसऱ्या जनकाच्या प्रभावी जनुकांनी झाकली जाणं हे जुनं स्पष्टीकरण आजही भक्कम उभं आहे.

म्हणून 'मुळे' इथे जड होतो. तो कारण एकट्याच्या नावावर लिहून टाकतो. त्याऐवजी 'लघु आरएनएंची भूमिका असते' म्हणावं, तर 'भूमिका' हा शब्दही हल्ली इतका सैल झालाय की त्यातून काय घडतं ते कळत नाही. मी वाक्य असं लिहीन: 'संकरित पिकांत जनुकांच्या नियमनात जे बदल होतात, त्यांत लघु आरएनएंचा वाटा असतो, संकरज ओजाशी या बदलांचा संबंध पिकागणिक वेगळा असू शकतो.' लांब आहे, पण अचूक आहे.