लोक आता गुगलवर शोधत बसण्यापेक्षा थेट यूट्यूबला नाहीतर एआयला विचारतात. शोधण्याची सवयच मोडली का?

मोडली. पण तुम्ही लिहिलंय तशी ती तुमच्या नववीतल्या मुलानं मोडलेली नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी तो एकही साइट उघडत नाही, एआयला विचारतो आणि उतरवून घेतो, याचा तुम्हाला राग आलाय. त्याच्या वयाला सगळेच उतरवून घेतात, आम्ही गाइडमधून उतरवायचो. त्याला सोडा. मला बोलायचंय ते आमच्या दाजींबद्दल.

2005 ते 2014 सांगोल्यात एसटी स्टँडजवळ माझा सायबर कॅफे होता. सहा मशीन, तासाला 20 रुपये, प्रिंटचे पानाला 5. पोरं ऑर्कुटवर बसायची, पण मोठी माणसं स्वतः मशीनला हात लावायची नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायची आणि सांगायची, "हे बघ जरा नेटवर." म्हणजे शोधायचो मी.

2007 च्या पावसाळ्यात महूदकडचे एक मामा आले आणि पिशवीतून एक डाळिंब काढून त्यांनी की-बोर्डशेजारी ठेवलं. सालीवर काळे तेलकट डाग, मधोमध तडकलेलं. "तेल्या पडलाय. इचार त्याला, काय मारू?"

मी रोमन अक्षरांत रोगाचं आमच्याकडचं नाव, 'तेल्या', टाकलं. कुठल्या तरी परक्या देशातल्या साइटी आल्या. मराठीत टाकावं तर माझ्या मशीनवर विंडोज 98, आणि तसाही त्याचा उपयोग नव्हता. तेव्हा नेटवर मराठी मजकूर होता, पण बराचसा ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये. फॉन्ट उतरवून घेतला की डोळ्यांना मराठी दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी. तेल्यावरचा लेख एखाद्या पेपरच्या साइटीवर पडलेला असला तरी गुगलच्या लेखी तो नव्हताच. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळल्यावर नेट हाती आलेल्यांना हे सांगून पटत नाही.

मग इंग्रजीत डाळिंब आणि काळे डाग असं टाकलं. बुरशीचे रोग निघाले. मामा म्हणाले, बुरशीचं औषध तीनदा मारलं, फरक नाही. 'काळे' काढून 'तेलकट' टाकलं. मग चित्रं शोधली आणि पडद्यावरचं एकेक फळ हातातल्या फळाशी लावून बघत बसलो. जवळजवळ दोन तास गेले. शेवटी एक चित्र जुळलं, तशीच इंग्रजी वायसारखी भेग. खाली लिहिलं होतं, बॅक्टेरियल ब्लाइट. ते नाव सापडलं आणि भराभर पानं उघडायला लागली. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून सोलापुरातच आहे, हेही मला तेव्हा कळलं. आमच्या उशाशी असलेलं केंद्र आम्हाला इंग्रजी नावानं सापडलं.

चार पानं छापली. तेवढ्यात दाजी आले. ते हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्यांनी पानं उचलली, चष्मा लावला आणि मामांना समजावून सांगितलं: हा जिवाणू आहे, बुरशी नाही, नुसत्या बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. रोगट फांद्या छाटून जाळा. कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा. पुढच्या साली पावसात सापडणारा मृग बहार, म्हणजे त्या हंगामातली फुलं-फळं, सोडा, पाऊस ओसरतानाचा हस्त बहार धरा. सांगितलं छान, त्याबद्दल तक्रार नाही. पण मामा त्यांच्या पाया पडले आणि गावभर झालं की सरांनी तेल्या शोधून दिला. दिवाळीला घरी विषय निघाला तर दाजी म्हणाले, "शोधलं गुगलनं, समजावलं मी. तू बटणं दाबलीस."

दाजींना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून इथे बोलतो.

शोधणं म्हणजे बटण दाबणं नव्हतं. ज्यानं ते पान लिहिलंय तो माणूस कोणता शब्द वापरेल, हे ओळखणं म्हणजे शोधणं. त्याच्याही आधी याहूची वर्गवारी होती, तेव्हा गोष्ट कुठल्या कप्प्यात ठेवली असेल ते ओळखावं लागायचं. कप्पे गेले, शब्द आले. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, पुढच्या ऑगस्टात गुगल मराठी बोलणं ऐकायला लागलं आणि शब्द ओळखायची गरजही संपली. तुम्ही तुमच्या भाषेत बोला, बाकीचं यंत्र बघेल. व्हिडिओत निदान माणूस दिसतो. पण तो कुठल्या सालचा, कुठल्या जमिनीतला, औषधाच्या दुकानदाराचा मेव्हणा तर नाही ना, हे कुणी बघत नाही. चार वर्षांपूर्वीची फवारणी यंदा मारतात.

आणि एआय म्हणजे आमचे दाजीच. शोधलेलं दुसऱ्याचं, सांगायचं आपल्या तोंडानं, आणि तेही इतकं ठाम की विचारणारा पाया पडतो. ज्यानं रानात उभं राहून तो फोटो काढला, खाली नाव लिहिलं, त्याच्या पानावर आता कुणी जातच नाही. उद्या तो लिहायचं थांबला तर यंत्र काय सांगणार, ते मला कुणी सांगावं.

तुमच्या मुलाला एवढंच शिकवा की उत्तर आलं की त्यातला जाणकारांचा शब्द उचलायचा आणि तो शब्द घेऊन मूळ पान उघडायचं. तारीख बघायची. दहा मिनिटं जातात.

आता थोडं माझ्याविरुद्धही लिहितो. कॅफे बंद पडला त्याचा राग यात आहे, नाही असं नाही. माझी आई नऊ वर्षांत एकदाही कॅफेच्या आत आली नाही, 'मला काय लिहिता येतंय' म्हणायची. ती आता फोनला तोंड लावून संधिवाताचं विचारते, एकादशी कधी ते विचारते, आणि मला विचारत नाही. तिच्यासाठी हे सगळं आधीच यायला हवं होतं. आणि डाळिंबाबद्दल वर जे आलंय ते दाजींचं, मी शेतकरी नाही. फवारणी माझ्या उत्तरावरून करू नका.

गेल्या दिवाळीत दाजींसमोर मुद्दाम फोनवर एआयला मराठीत विचारलं, डाळिंबावर तेल्या पडलाय, काय करू? क्षणात उत्तर आलं. जिवाणू, छाटणी, कात्री, बहार, सगळं ओळीनं. दाजींनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि ताईला म्हणाले, "बघ, मी तेव्हा हेच सांगितलं होतं."

त्या चार पानांचे 20 रुपये अजून यायचेत.