‘अ‍ॅकॉर्डिंग टू मी’ आणि माळेगावची लावणी

नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. सराव मुलाखतीत तिला माळेगावच्या खंडोबा यात्रेतल्या लावणी महोत्सवाबद्दल इंग्रजीत मत विचारलं. ती म्हणाली, ‘अ‍ॅकॉर्डिंग टू मी, द प्रोग्राम वॉज व्हेरी नाइस, आय एन्जॉइड.’ सरांनी ‘अ‍ॅकॉर्डिंग टू मी’ खोडलं, कारण सांगितलं नाही. मग ‘माझ्या मते’ कसं म्हणायचं? आणि लावणीला ‘वन्स मोअर’ मिळाला, हे इंग्रजीत चालेल का?

मराठीत ‘मते’ कुणालाही लागतं: माझ्या मते, सरांच्या मते, हवामान खात्याच्या मते. इंग्रजीत ‘अ‍ॅकॉर्डिंग टू’ म्हणजे हवाला, आणि हवाला दुसऱ्याचा देतात. कलेक्टरांचा द्या, वेळापत्रकाचा द्या. स्वतःचाच दिला की विचित्र वाटतं. आपल्याकडे कॉलेजात, ऑफिसात सगळे सर्रास बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. पण मार्क जाणार असतील तर सोडलेलं बरं.

‘इन माय ओपिनियन’ बरोबर आहे, पण ते पाणीवाटपासारख्या विषयाला शोभतं. लावणी पाहून आलेला इंग्रज साधं ‘आय थॉट इट वॉज वंडरफुल’ म्हणेल. आपण नेमके इथंच बिचकतो. ‘मला वाटलं कार्यक्रम चांगला होता’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा ‘मग काय झालं?’ विचारतो. कारण आपलं ‘वाटलं’ बहुतेकदा फसलेल्या अंदाजाचं असतं: मला वाटलं एसटी गेली, मला वाटलं तू परभणीलाच उतरलास. म्हणून झालेल्या कार्यक्रमाबद्दलही आपण ‘मला वाटतं, चांगला झाला’ असंच बोलतो. फसलेल्या अंदाजाला ‘थॉट’ इंग्रजीतही वापरतात, पण कार्यक्रम, जेवण, सिनेमा यांच्याबद्दल बोलताना तसा संशय येत नाही. तेव्हा बिनधास्त वापरा.

नावं ठेवायची असतील तर ‘आय फाउंड’ कामाला येतं. उद्घाटनाची भाषणं लई लांबली? ‘आय फाउंड द स्पीचेस अ बिट लाँग.’ हे ‘अ बिट’ दिसतं गरीब, पण अर्थ ‘लई’चाच निघतो.

‘एन्जॉइड’ला कर्म लागतं: ‘आय एन्जॉइड इट’. आपली ‘मजा आली’ एकटी उभी राहते, तसं इंग्रजीत होत नाही. भारताबाहेर ‘प्रोग्राम’ म्हटलं की टीव्हीवरचा कार्यक्रम नाहीतर छापील कार्यक्रमपत्रिका आठवते. लावणीला ‘परफॉर्मन्स’ म्हणावं, सगळ्या सोहळ्याला ‘फेस्टिव्हल’. राहिलं ‘व्हेरी नाइस’. ते ऐकून समोरच्याला पुढं काय विचारावं हेच सुचत नाही. काय आवडलं ते सांगा. बैठकीच्या लावणीत बाई जागची न हलता नुसत्या नजरेनं सगळी बैठक धरून ठेवते: ‘शी हेल्ड द ऑडियन्स विथ जस्ट हर आइज.’ एवढं एक वाक्य बोललात तर आधी ‘माझ्या मते’ लावायची गरजच उरत नाही.

‘वन्स मोअर’चं प्रकरण मजेशीर आहे. शब्द दोन्ही इंग्रजी, पण त्याचं नाम आपण केलं. ‘शी गॉट अ वन्स मोअर’ म्हटलं तर इंग्रजाला कळायला वेळ लागेल. तिकडं ‘एन्कोर’ म्हणतात: ‘द ऑडियन्स कॉल्ड फॉर अ‍ॅन एन्कोर.’ हा शब्द त्यांनी फ्रेंचांकडून उचलला, आणि फ्रेंच प्रेक्षक स्वतः मात्र ‘बिस’ ओरडतात. मुलाखतीत ‘एन्कोर’ म्हणा. माळेगावच्या मांडवात ओरडाल तर शेजारचे तुमच्याकडंच बघत बसतील.