फुफ्फुसाचं इंजेक्शन कधी घ्यायचं, कधी नाही

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच इंजेक्शनाबद्दल आहेत: दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या आईला बाळाच्या फुफ्फुसासाठी देतात ते स्टिरॉइड. बाकीचे पुढच्या वेळी घेऊ.

सुनेला बत्तिसावा आठवडा चालू आहे. कळा सुरू झाल्या म्हणून सोलापुरात दाखल केलंय. डॉक्टरांनी स्टिरॉइडची चार इंजेक्शनं सांगितली. शेजारणी म्हणतात, त्यानं बाळ अधू होतं. आणि आठव्यातलं बाळ जगतच नाही म्हणतात, मग टोचायचं कशाला? (सासूबाई, अक्कलकोट)

मावशी, टोचू द्या, आणि आजच. जिममधली पोरं घेतात ते स्टिरॉइड वेगळं. हे डेक्सामेथासोन, चार डोस, दर 12 तासांनी 6 मिलिग्रॅम. बाळाच्या फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या उघड्या राहायला सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो कमी असला तर श्वास सोडला की पिशव्या मिटून चिकटतात. आईला दिलेलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि हा पदार्थ लवकर तयार करायला लावतं. बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यानं कमी होतो.

न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स यांना हे आधी मेंढीच्या कोकरांत दिसलं. 1972 साली त्यांनी आणि हाउई यांनी गरोदर बायकांवरचे निष्कर्ष मांडले. त्या अभ्यासातली मुलं तिशीला पोचल्यावर पुन्हा तपासली गेली, त्यांच्या बुद्धीत काही उणं आढळलं नाही. आपल्यासारख्या देशांत हे चालतं का, अशी शंका होती. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या चाचणीचं उत्तर 2020 मध्ये आलं: 34 आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बायकांना हे दिल्यावर पहिल्या 28 दिवसांतले बालमृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले.

सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, हे मी ओपीडीत जवळजवळ रोज ऐकते. ते साफ उलटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा. इंजेक्शनानंतर दोन-तीन दिवस बाळाची हालचाल थोडी मंदावू शकते. तरी कमी वाटली की नर्सला सांगायचंच.

घरच्यांनी पंचांग बघून 37 आठवडे होताच सीझरची तारीख काढली आहे. 'आधी फुफ्फुसाचं इंजेक्शन घेतलं की झालं,' असं म्हणतात. घेऊ का? (होटगी रस्ता, सोलापूर)

इंजेक्शन नको, तारीख पुढे न्या. आईला किंवा बाळाला दुसरा धोका नसेल तर ठरवून करायचं सीझर 39 आठवडे पूर्ण झाल्यावर. तोवर फुफ्फुस आपोआप तयार होतं, आणि चांगले दिवस पंचांगात तेव्हाही असतातच.

हे औषध निरुपद्रवी टॉनिक नाही. 34 ते 36 आठवड्यांच्या बायकांवरचा अमेरिकन अभ्यास 2016 चा. त्यात बाळांचा श्वासाचा त्रास 14.4 टक्क्यांवरून 11.6 वर आला, पण जन्मल्यावर साखर उतरण्याचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 24 वर गेलं. उतरलेली साखर सावरता येते हे खरं. मात्र छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री दोन वाजता बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ती तपासणार कोण, हे आधी विचारा. फिनलंडमध्ये सुमारे 6 लाख 70 हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या, पण पोटात असताना स्टिरॉइड मिळालेल्या मुलांत मानसिक व वर्तनविषयक आजारांचं निदान 8.89 टक्के, न मिळालेल्यांत 6.31. दोष औषधाचाच, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण मुहूर्तासाठी ही शंका तरी का ओढवून घ्यायची?

मला गरोदरपणातली शुगर आहे. इंजेक्शनानंतर ती एकदम वाढली. औषध चुकलं का? (बार्शी)

नाही, हे अपेक्षितच असतं. साखर काही तासांत चढते आणि चार-पाच दिवस चढी राहू शकते. त्या काळात वरचेवर तपासणी आणि इन्सुलिनचा डोस वाढवणं, एवढंच. म्हणूनच मधुमेह असेल तर हा कोर्स घरी राहून घेऊ नये.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात कोर्स झाला, कळा थांबल्या. आता एकतिसावा. दर पंधरवड्याला घ्यावा का? (पंढरपूर)

नाही. पुन्हा पुन्हा कोर्स दिलेल्या बाळांचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर कमी भरल्याचं 2008 च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. फायदा मुख्यतः इंजेक्शनानंतर 24 तासांपासून सात दिवसांपर्यंत होतो. म्हणून 34 आठवड्यांच्या आत पुन्हा खरोखर बाळंतपण समोर दिसलं तर डॉक्टर आणखी एकदा देतील. त्यापलीकडे नाही.

उपकेंद्रात दिवस न भरलेली बाई कळा घेऊन आली तर पहिला डोस देऊनच पाठवू का? (आरोग्यसेविका, मंगळवेढा तालुका)

ताई, हो. केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 24 ते 34 आठवड्यांत तो अधिकार तुम्हाला आहे. बाटलीवर प्रति मिली 4 मिलिग्रॅम लिहिलं असेल तर दीड मिली, मांडीच्या स्नायूत. मात्र आधी सोनोग्राफीच्या कागदावरून आठवडे मोजा. बाईनं सांगितलेल्या महिन्यांवर जाऊ नका. नुसतं पाणी गेलं असेल तर डोस द्यायला हरकत नाही. ताप असेल किंवा पाण्याला घाण वास येत असेल तर जंतुसंसर्ग धरून चाला, डोस न देता लगेच पाठवा. आणि 108 आली की उरलेल्या डोससाठी थांबवून ठेवू नका. डोस किती वाजता दिला ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे सोलापुरात पुढचा वेळेवर दिला जाईल.