मुलीला अतिग्रेच्या खाजगी विद्यापीठात घालावं की कॅपच्या फेऱ्यांची वाट बघावी?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: तासगाव तालुक्यात द्राक्षबाग, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, तुम्ही ओबीसी, मुलीला एमएचटी-सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) ८४ पर्सेंटाइल आणि तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचंय. अतिग्रेच्या संजय घोडावत विद्यापीठात आत्ताच प्रवेश घेऊन टाकावा की कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या संपेपर्यंत थांबावं, हा तुमचा प्रश्न.

थांबा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते विद्यापीठ वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या घराला सरकारकडून जी फी माफी मिळू शकते ती खाजगी विद्यापीठात प्रवेश घेतला की हातची जाते, आणि तुमच्यासाठी ती रक्कम लहान नाही. मी सांगलीत बँकेत बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाचं टेबल सांभाळलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे माझी नजर आधी पैशाकडे जाते. मुलांच्या शिक्षणाचं भलंबुरं नुसत्या पैशात मोजता येत नाही हे मान्य, पण प्रवेशाच्या गडबडीत घरोघरी सगळ्यात कमी बोललं जातं ते याच्यावर.

आधी एक भीती बाजूला करते, कारण ती तुमच्या प्रश्नात डोकावतेय. "खाजगी विद्यापीठाची पदवी चालते का?" चालते. हे विद्यापीठ २०१७ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालंय. अशा विद्यापीठांना यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २(एफ) खाली विद्यापीठ मानलं जातं आणि कलम २२ खाली पदवी देण्याचा अधिकार असतो. स्पर्धा परीक्षा, एम.टेक., परदेशी शिक्षण, कुठेही त्या पदवीला अडवत नाहीत. कुणी म्हणेल एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता विचारा. विद्यापीठांना अभ्यासक्रम सुरू करायला ती आधी घ्यावी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलंय. विचारायचंच असेल तर विचारा की मुलीला हव्या असलेल्या शाखेला एनबीएचं (शाखांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) मानांकन आहे का. ते शाखेनुसार मिळतं, अख्ख्या संस्थेला नाही.

आता खरा मुद्दा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा) प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. आधी ती ५० टक्के होती. ही सवलत शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांतही मिळते, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित (स्वतःच्या पैशावर चालणारी खाजगी) विद्यापीठं त्या निर्णयातून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहेत. अतिग्रेचं विद्यापीठ या दुसऱ्या गटात येतं. त्याच गटातलं पुण्याचं कुठलंही विद्यापीठ घेतलंत तरी हिशेब हाच. आणि एक लक्षात ठेवा: शिवाजी विद्यापीठासारख्या विद्यापीठाला संलग्न महाविद्यालयातसुद्धा मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. बरेच पालक इथेच फसतात, कॉलेज तेच, वर्ग तोच, पण दार वेगळं असतं.

सवलतीत सगळं माफ होतं असंही समजू नका. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं हे भरावं लागतंच. तरीही मोठा वाटा शिक्षण शुल्काचा असतो आणि तो चारही वर्षं सुटतो.

आता हीच सवलत न मिळाल्यावर कर्ज किती होतं ते बघू. खालचा आकडा मी केवळ हिशेबाला धरतेय, कुठल्या एका विद्यापीठाची ही फी नव्हे. समजा फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला २ लाख कर्ज काढावं लागलं. चार वर्षांत ८ लाख. व्याज १० टक्के धरा. हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. साधं व्याज मोजलं तरी २ लाख ८० हजार. म्हणजे मुलगी नोकरीला लागते त्या सुमाराला कर्ज १० लाख ८० हजारांवर गेलेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता सव्वाचौदा हजारांच्या आसपास, एकूण फेड १७ लाखांच्या वर. पंधरा वर्षं घेतलीत तर हप्ता साधारण ११ हजार ६००. मुलींना अनेक सरकारी बँका अर्धा टक्का कमी लावतात, त्याने थोडा फरक पडेल, चित्र बदलणार नाही. नव्या मुलीला पुण्यात जो पहिला पगार मिळतो त्यातून खोलीभाडं, खाणं काढून हा हप्ता कसा भरायचा, हे तिच्यासोबत बसून वहीत मांडा. तिने स्वतः मांडलं पाहिजे.

दुसरी अडचण तारणाची. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा वाटा) नाही, तारण नाही. साडेसात लाखांपर्यंतही मालमत्ता गहाण ठेवायची गरज पडत नाही. त्यापुढे मात्र तारण लागतं, आणि वरचा ८ लाखांचा हिशेब ती रेघ ओलांडतो. तुम्ही म्हणाल, सातबारा आहे ना. पण शेतजमिनीला सरफेसी कायदा (थकल्यावर बँकेला तारण जप्त करू देणारा) लागू होत नाही, म्हणून बँका शैक्षणिक कर्जाला ती तारण घ्यायला तयार होत नाहीत. गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा दिला तर बँकेच्या पॅनेलवरचा वकील कागद पुरे नाहीत म्हणून परत पाठवतो. चांगली बाग, पक्कं घर असलेली माणसं या टेबलासमोर हतबल झालेली मी पाहिली आहेत. शिवाय तुम्ही किंवा मुलीचे वडील सहकर्जदार असणार. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असेल किंवा कधी तडजोडीने मिटवलेलं असेल, तर ते सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) दिसतं आणि मुलीचं प्रकरण तिथेच अडकतं. हे आजच तपासून घ्या.

बागायतदाराची आणखी एक गोष्ट शहरातल्या पालकांना कळणार नाही, तुम्हाला कळेल. बँकेचा हप्ता महिन्याला येतो, बेदाण्याचा पैसा सौदे झाले की येतो. त्यातून अवकाळीने घड कुजले, दर पडले, तर त्या वर्षी औषधवाल्याचीच उधारी फिटत नाही. मुलीची नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तर हप्ता कुठून येणार, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. आणि मुलीच्या नावावरचं कर्ज हा लग्नाच्या बोलणीतला विषय होतो. होऊ नये असं मला मनापासून वाटतं, पण होतो.

केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना तुम्हाला कुणीतरी सुचवेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मंजूर झाली. विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याज परतावा, असा तिचा फायदा. पण ती एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीवरून ठरवलेल्या यादीतल्या संस्थांनाच लागू आहे. जिथे प्रवेश घ्यायचा त्या संस्थेचं नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे विद्यालक्ष्मी पोर्टलवर स्वतः बघा. प्रवेश कार्यालयातल्या माणसाच्या "होऊन जाईल" वर विसंबू नका.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी खाजगी विद्यापीठाच्या विरोधातच आहे. तसं नाही. अतिग्रे तुमच्या बाजूनेही आहे. जयसिंगपूर, हातकणंगले ओलांडलं की आलंच. मुलगी पुण्यात एकटी राहणार नाही, वसतिगृह आवारातच, रविवारी तुम्ही जेवण घेऊन जाऊ शकता. अठराव्या वर्षी पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या मुलीच्या आईला हे किती मोठं असतं ते मला ठाऊक आहे. रोज तासगावहून ये-जा करायचा विचार मात्र सोडून द्या. तो प्रवास चार वर्षं झेपणारा नाही, आणि २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर रस्ता कसा बंद पडला होता हे तुम्हाला सांगायला नको.

विद्यापीठ असल्यामुळे अभ्यासक्रम स्वतःचा, परीक्षा स्वतःच्या, नवे विषय लवकर आणता येतात. हा फायदा खरा आहे, पण आता तो त्यांचा एकट्याचा राहिला नाही. आपल्या भागातली कितीतरी महाविद्यालयं स्वायत्त झाली आहेत, तीही अभ्यासक्रम स्वतःच ठरवतात, पदवी तेवढी शिवाजी विद्यापीठाची. दुसरीकडे वयाचा फरक आहे. सांगलीत विश्रामबागचं वालचंद इंजिनीअरिंग कॉलेज १९४७ पासून चालू आहे; त्याचे माजी विद्यार्थी आज कंपन्यांत मुलाखती घेणाऱ्या खुर्चीत बसलेत. २०१७ च्या विद्यापीठाची बी.टेक. होऊन बाहेर पडलेली मुलं स्वतःच अजून नोकरीच्या सुरुवातीला आहेत. यात त्यांचा दोष काहीच नाही, काळ जावा लागतो. पण तुमच्या मुलीला पहिल्या नोकरीसाठी ओळखीचा हात हवा असेल तेव्हा हे जाणवेल.

तिच्या ८४ पर्सेंटाइलला वालचंदचं कॉम्प्युटर मिळणार नाही, ते मनातून काढून टाका. पण मध्ये पुष्कळ कॉलेजं आहेत. बुधगाव, आष्टा, मिरज, इचलकरंजी, वारणानगर, कोल्हापूर. तिला ओबीसीच्या जागा, मुलींच्या ३० टक्के जागा आणि शिवाजी विद्यापीठ क्षेत्रातली म्हणून गृहविद्यापीठाच्या जागा, तिन्हींचा आधार आहे. सीईटी सेलच्या (कॅप चालवणाऱ्या सरकारी कक्षाच्या) संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ असतात, त्यात ओबीसी मुलींचा रकाना काढून बघा. खुल्या गटाचा आकडा बघून घाबरू नका. कॉम्प्युटर नाहीच मिळालं तर आयटी, एआय-डेटा सायन्स, नाहीतर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). कोडिंगची नोकरी या सगळ्या शाखांतून मिळते. केवळ शाखेचं नाव जास्त चांगलं दिसतं म्हणून दहा लाखांचं कर्ज काढणं मला पटत नाही.

पर्याय भरताना क्रम जपून लावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने भरलं तेच आपण भरलं असं करू नका. जातवैधता आणि नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र तयार ठेवा. त्यातला एक कागद राहिला तर राखीव जागाही जाते आणि सवलतही.

मग अतिग्रेला हो कधी म्हणाल? एक, कॅपच्या सगळ्या फेऱ्या झाल्या आणि हाती आलेलं कॉलेज खरोखरच असं असेल की तिथे शिकवायला माणसंच नाहीत. दोन, विद्यापीठाने स्वतःची गुणवत्ता सवलत दिली, ती चारही वर्षांसाठी असल्याचं लेखी दिलं आणि पुढच्या वर्षी ती टिकवायला किती सीजीपीए (सरासरी गुणांक) लागतो तेही त्याच कागदावर लिहिलं. पहिल्या वर्षापुरती सवलत बघून हुरळून जाऊ नका. ती उठल्यावर तुम्ही दुसऱ्या वर्षाची पूर्ण फी भरायला बांधले गेलेले असता. उत्पन्न ८ लाखांच्या वर असतं, तर मी इतकं अडवलंच नसतं, कारण तेव्हा दोन्हीकडच्या खर्चातली दरी पुष्कळ कमी झाली असती.

एक दिवस कॉलेज चालू असताना तिथे मुलीला घेऊन जा. इमारती, लॉन, ऑडिटोरियम दाखवतील, बघा. मग कॉम्प्युटर विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या. शिक्षक वर्षाच्या मध्ये बदलतात का, लॅब संध्याकाळी उघडी असते का, मेसचं जेवण कसं, सुट्टी कशी मिळते. प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा पॅकेजचा आकडा ऐकून घ्या आणि सोडून द्या. त्या शाखेतल्या किती मुलांनी नाव नोंदवलं, कितींना नोकरी लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, हे विचारा. हेच प्रश्न आष्ट्याला आणि बुधगावलाही विचारा. संलग्न कॉलेज म्हणून कुणाला सूट देऊ नका.

आणि हातची जागा जाईल या धास्तीने आधी प्रवेश घ्यायचाच ठरवलंत, तर यूजीसीचा परताव्याचा नियम माहीत असू द्या. २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलात तर जवळपास पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परत, त्यापुढे काही नाही. यूजीसी काही वर्षी याहून सैल तारखा जाहीर करते, त्या वर्षीचं परिपत्रक बघा. म्हणून पैसे भरण्याआधी "प्रवेशाची शेवटची तारीख कोणती" हे लेखी घ्या, रोख न देता बँकेतून भरा आणि पावती जपा. मूळ कागदपत्रं कुठल्याही संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत आणा. त्याच कागदांवर तुमची कॅपची जागा अवलंबून आहे.

कटऑफच्या पीडीएफमधला ओबीसी मुलींचा रकाना तुम्हाला सापडला नाही तर इथेच खाली लिहा, पर्यायांचा क्रम लावायला मी मदत करेन.